औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी: ७२ गावांच्या राजाने घराघरातल्या स्वस्त कंदिलाला जागा दिली

घरात मोठा फिश टँक ठेवणाऱ्यांना ही गोष्ट लगेच पटेल. चार फुटांचा टँक येतो, पाणी भरून होतं, मासे सोडून होतात आणि मग लक्षात येतं की लाईटचं बजेट धरलेलंच नाही. बाहेरून आलेला ब्रँडेड लाईट बघावा तर बरेचदा तो टँकपेक्षा महाग. मग काय करायचं? सातारा काय, सांगली काय, इलेक्ट्रिकच्या दुकानात जायचं. एलईडीच्या पट्ट्या, ॲल्युमिनियमचं चॅनल, बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्यायचा आणि सुताराकडून प्लायवूडचं झाकण करून घ्यायचं. एका रविवारात लाईट तयार होतो आणि टँकमधल्या वनस्पतींना तो कुठल्या कंपनीचा आहे याने काही फरक पडत नाही.

आता हाच प्रश्न शंभर वर्षं मागे न्या. टँकच्या जागी अख्खं घर. बाहेरचा दिवा चांगला पण परदेशातून आलेला, आणि त्याची काच फुटली की पुन्हा परदेशी काचच विकत घ्यायची. या प्रश्नावरचं एक मोठं उत्तर याच सातारा-सांगली पट्ट्यात तयार झालं. कराडजवळच्या ओगलेवाडीत बनलेला प्रभाकर कंदील हे त्या उत्तराचं नाव. आजी-आजोबांना विचारा, बहुतेक घरात नाव निघेल.

पण तो कारखाना तिथेच का उभा राहिला? पुणे-मुंबई सोडून कराडच्या बाहेर, रेल्वेच्या रुळालगत? त्याचं कारण एक माणूस आहे. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजेच औंधचे बाळासाहेब महाराज. लोकांना ते आठवतात सूर्यनमस्कारांमुळे आणि औंधच्या म्युझियममुळे. कारखान्यांना जागा देणारा राजा ही त्यांची ओळख थोडी मागे पडली आहे.

आधी पंतप्रतिनिधी म्हणजे काय ते बघू. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना प्रतिनिधी हे पद निर्माण झालं. नावाप्रमाणे राजाचा प्रतिनिधी. किन्हईचे परशुराम त्रिंबक यांच्याकडे ते आलं आणि मग त्यांच्याच घराण्यात राहिलं. पेशवाई जोरात आल्यावर या पदाचा दरारा कमी झाला, इंग्रज आल्यावर उरलं ते एक छोटं संस्थान. गावं होती ७२, आणि तीही एका जागी नाहीत. औंधच्या आसपासची काही, कुंडलची काही, आटपाडीचा भाग आणि थेट विजापूरकडचं गुणदाळ. नकाशावर बघितलं तर फुटलेल्या ताटाचे तुकडे पडावेत तसं ते दिसतं. यातलं औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. तो १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा झाला.

अशा संस्थानात २४ ऑक्टोबर १८६८ ला बाळासाहेबांचा जन्म झाला. ते धाकटे, त्यामुळे गादी त्यांच्याकडे येणार असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. एका अर्थाने हे बरंच झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बीए झाले, मुंबईत कायद्याचा अभ्यास केला, वडिलांच्या हाताखाली संस्थानचा कारभार बघितला. चित्रं काढायची आवड लहानपणापासूनची. कीर्तनही करायचे, आणि हौस म्हणून एखादवेळी नाही, तर रीतसर उभं राहून, लोकांसमोर.

वडिलांनंतर थोरल्या भावाकडे गादी गेली, भावानंतर पुतण्याकडे. पुतण्याला इंग्रज सरकारने गादीवरून दूर केलं आणि १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब राजे झाले. वय ४१. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने अर्धं आयुष्य संपलेलं. हातात आलेलं संस्थान दुष्काळी पट्ट्यातलं. माण आणि आटपाडीचा भाग ज्यांनी उन्हाळ्यात बघितला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. शेतसारा वाढवायचा तर पाऊस नाही, खाण नाही, बंदर नाही. अशा राजाकडे द्यायला काय असतं? माळरान. त्यांनी तेच दिलं.

पहिला माणूस आला बेळगावहून. लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि ते शिक्षण सुटलं. मग यंत्रांकडे वळले, बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, कडबा कापायचं यंत्र केलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष उतरतं असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. जरा कुठे जम बसतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेला गावाची वाढ करायची होती, आणि कारखान्याला जागा सोडावी लागली.

चित्रकार राजा आणि रंग न दिसल्यामुळे चित्रकला सुटलेला कारखानदार, यांची आधीपासून ओळख होती. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. साल १९१०. जागा म्हणजे निवडुंग आणि साप. आज ते स्टेशन किर्लोस्करवाडी म्हणून ओळखलं जातं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बाळासाहेबांना गादीवर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पुतण्याला हटवून बसवलेला राजा, वर इंग्रजांची नजर, तिजोरी छोटी. आणि ज्याचे नांगर विकले जात नव्हते अशा माणसाला बिनव्याजी पैसे. पैसे बुडाले असते तर ७२ गावांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ते बुडाले नाहीत, म्हणून आज आपण याला दूरदृष्टी म्हणतो.

किर्लोस्करवाडीचं गणित बसलं आणि बाळासाहेबांना एक सूत्र सापडलं. संस्थानचे तुकडे विखुरलेले होते खरे, पण त्यातले काही तुकडे रेल्वेला लागून होते. पुणे-मिरज लाईन. कच्चा माल उतरवायला आणि तयार माल चढवायला स्टेशन हाकेच्या अंतरावर. जमीन स्वस्त, राजा अनुकूल. कारखानदाराला अजून काय पाहिजे?

१९१६ मध्ये असाच दुसरा कारखाना आला, कराड स्टेशनाजवळ. ओगले बंधूंचा ओगले ग्लास वर्क्स.

काचेचाच कारखाना का, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. भारतात तेव्हा काच म्हणजे जवळपास सगळी आयात. बांगड्या, बाटल्या, दिव्यांच्या चिमण्या. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतून माल यायचा. स्वदेशीच्या चळवळीत हे लोकांना खुपायला लागलं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची योजना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. तिथले तज्ज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले. काच कशी करायची याचं शिक्षण मराठी मुलांना आपल्याच भागात मिळायला लागलं ते इथे.

मग १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. जर्मनी आणि ऑस्ट्रिया शत्रूराष्ट्रं झाली आणि तिकडून येणारी काच थांबली. जपानचा माल वाढला, पण मागणी मोठी होती. कंदिलाची काच ही चैनीची वस्तू नव्हती. ती फुटली की संध्याकाळी घरात अंधार. ओगले बंधूंनी कारखाना काढला तो या काळात.

काच करणं ऐकायला सोपं आहे. वाळू, सोडा आणि चुना एकत्र करायचा आणि भट्टीत १४०० ते १५०० अंशांपर्यंत तापवायचा. पातळ झालेल्या काचेचा गोळा फुंकनळीच्या टोकाला घ्यायचा, साच्यात धरायचा आणि फुंकायचा. खरी मेख पुढे आहे. गरम काच उघड्यावर थंड झाली की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो, आणि काचेत ताण अडकून बसतो. दिसायला काच झकास, पण कंदिलात लावली आणि वात पेटवली की तडकन तडा. म्हणून ती वेगळ्या भट्टीत सावकाश, तासन्‌तास थंड करावी लागते. जाडी सगळीकडे सारखी यावी लागते. कंदिलाच्या काचेचे हाल तर विचारू नका. आतून ज्योतीचा ताव आणि बाहेरून पावसाचा थेंब. दोन्ही एकाच वेळी सोसलं पाहिजे.

परदेशी काच चांगली असली तरी तिची एक अडचण होती. युरोपातून बोट, मुंबईहून रेल्वे, स्टेशनवरून बैलगाडी. या प्रवासात जेवढी काच फुटणार तिचा खर्च उरलेल्या काचेवर चढणार. कराडला बनलेली काच कराडलाच गाडीत चढली तर हा खर्च आपोआप कमी. फिश टँकच्या लाईटचं गणितही असंच आहे. पट्टी आणि अ‍ॅडॉप्टर दोन्हीकडे जवळपास सारखेच असतात. आपण पैसे देतो ते बाहेरच्या खोक्याला, वाहतुकीला आणि नावाला.

पुढच्या दशकात ओगलेंनी काचेवर न थांबता अख्खा कंदील करायला घेतला. त्याचं नाव प्रभाकर. ओगले बंधूंच्या वडिलांचं नाव प्रभाकर होतं, आणि प्रभाकर म्हणजे सूर्य. ब्रँडिंगच्या वर्गात शिकवावं असं नाव आहे हे. वडिलांचा मान राहिला, दिव्याला अर्थ मिळाला आणि सांगलीच्या पेठेत काय किंवा कोकणातल्या वाडीत काय, कुणालाही उच्चारता येईल असं झालं.

कंदील ही फार हुशार वस्तू आहे. साधी चिमणी आठवा, म्हणजे रॉकेलची छोटी बाटली आणि वर वात. उघडी ज्योत, काजळी, धूर, वारा आला की विझणार आणि कलंडली की आग. कंदिलात अमेरिकेत १८६० आणि ७० च्या दशकात निघालेली युक्ती वापरलेली असते. खाली रॉकेलची टाकी, वर बर्नर आणि वात, भोवती काच, आणि दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या दोन पोकळ नळ्या. त्या नळ्या फक्त धरायला आहेत असं आपल्याला वाटतं. पण त्यातूनच हवा खाली बर्नरपर्यंत येते. ज्योतीची गरम हवा वरच्या टोपीतून निघून जाते. बाहेर कितीही वारा असला तरी हवा या वाटेनेच ज्योतीकडे येत असल्यामुळे ज्योत हलत नाही. काही कंदिलांत नळ्यांतून थोडी वापरलेली गरम हवा परत येते, काहींत फक्त ताजी. ताज्या हवेच्या कंदिलाचा उजेड जास्त पडतो, कारण जळायला ऑक्सिजन भरपूर मिळतो.

म्हणजे कुठल्याही दिव्याला तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. उजेड हवा तिकडे गेला पाहिजे, उष्णता बाहेर पडली पाहिजे, आणि वारा-पाणी आत येता कामा नये. तुमच्या टँकवरच्या एलईडीलाही हेच तीन नियम. ॲल्युमिनियमचं चॅनल शोभेचं नसतं, ते पट्टीची उष्णता ओढून घेतं. पट्टीवरचं सिलिकॉन वाफेपासून वाचवतं. आणि वायर थेट वरून सॉकेटकडे न नेता मध्ये खाली झोळ सोडून न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली पडतं. अ‍ॅडॉप्टर पाण्याच्या वर आणि बाजूला. घरगुती जुगाडात लोक इथेच कंजुषी करतात, आणि इथेच करायची नसते.

तर ओगलेवाडी. कारखान्याभोवती कामगारांची वस्ती झाली, वस्तीचं गाव झालं आणि गावाला कारखान्याचं नाव मिळालं. किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी, एकाच छोट्या संस्थानाच्या दोन तुकड्यांवर दोन कारखान्यांची गावं. मोठमोठ्या संस्थानांना हे जमलं नव्हतं.

बाळासाहेबांकडे मोठमोठे प्रकल्प घेऊन लोक यायचे आणि बाळासाहेब हो म्हणायचे. पुण्यात भांडारकर संस्था महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढणार, त्याला त्यांनी १९१८ मध्ये एक लाख रुपये द्यायचं कबूल केलं. ७२ गावांच्या संस्थानाला हा आकडा छोटा नव्हता. ती आवृत्ती पूर्ण झाली १९६६ मध्ये, बाळासाहेब गेल्यावर १५ वर्षांनी. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर औंधला आले आणि अनेक वर्षं तिथे राहिले. १९१६ मध्ये, म्हणजे ओगलेंचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, बाळासाहेबांनी स्वतः काढलेल्या चित्रांचं चित्ररामायण छापलं गेलं.

आणि सूर्यनमस्कार. तरुणपणी ते युजीन सँडो या पाश्चात्त्य पहिलवानाच्या पद्धतीने डंबेल्स मारायचे. मिरजेच्या संस्थानिक मित्राच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि मग तोच त्यांचा ध्यास झाला. रोजचे नमस्कार चुकले नाहीत. पुस्तकं लिहिली, इंग्रजीतही. १९३८ मध्ये त्यावरचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. आज जगभरच्या योगवर्गांत सूर्यनमस्कार घातले जातात, त्यामागे म्हैसूरच्या बरोबरीने औंधचाही हात आहे.

पण इथे सगळंच गोड नाही. संस्थानच्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार लावले ते राजाज्ञेने. मुलांना आवडो न आवडो, घालायचेच. राजा भला होता, हौशी होता, पण राजा होता. त्याच्या आवडी प्रजेच्या आवडी व्हायच्या. कारखान्याला जमीन देताना कुणाला विचारावं लागत नाही हा फायदा आणि शाळेच्या पोरांना नमस्कार घालायला लावताना कुणाला विचारावं लागत नाही हा तोटा, दोन्ही एकाच खुर्चीतून आलेले आहेत. बाळासाहेबांवर लिहिताना लोक पहिल्याचं कौतुक करतात आणि दुसऱ्यावर हसून पुढे जातात.

म्हणूनच पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कारण सत्तरीला आल्यावर त्यांनी ही खुर्चीच सोडायचं ठरवलं.

झालं असं की त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून आले. त्यांची गाठ पडली मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनियरशी. फ्रीडमन बंगळूरला म्हैसूर सरकारचा विजेच्या वस्तूंचा कारखाना चालवत होते. पुढे गांधीजींच्या कामात ओढले गेले, चरख्यात सुधारणा केल्या, आणि बऱ्याच वर्षांनी मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेली तीही त्यांनीच. या माणसाच्या डोक्यात आलं की औंधच्या राजाने सत्ता गावांना देऊन टाकावी. १९३८ चा सुमार. बाकीचे संस्थानिक प्रजापरिषदांना तुरुंगात टाकत होते आणि इथे राजा स्वतःच तयार झाला.

आप्पासाहेब आणि फ्रीडमन गांधीजींकडे गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली राज्यघटना तयार झाली आणि २१ जानेवारी १९३९ ला औंधमध्ये लागू झाली. प्रत्येक गावाची पंचायत, पंचायतींतून तालुक्याची समिती, वर विधिमंडळ. राजा राहिला, पण सेवक म्हणून. देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी या ७२ गावांत हे चाललं होतं. पंचायत राज हा शब्द आपल्या कायद्यात येईपर्यंत अजून बराच काळ जायचा होता.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांची वसाहत, पण भिंती नाहीत. कुटुंबासह राहायचं, शेती करायची. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा दो आँखें बारह हाथ याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे गदिमा इथलेच. माडगूळ हे औंध संस्थानातलंच गाव.

आणि राज्यघटनेच्या आगेमागेच, १९३८ मध्ये, औंधला यमाईच्या डोंगरावर म्युझियमची इमारत उभी राहिली. राजाने आयुष्यभर जमवलेलं सगळं तिथे आलं. राजा रविवर्म्यांची चित्रं, धुरंधरांची चित्रं, बंगाली चित्रकारांचं काम, हस्तिदंत, चंदन, युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या नकला. हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं छोटं शिल्पसुद्धा औंधसारख्या गावात आहे, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट मात्र इमारतीत आहे. डोंगरावरच्या म्युझियमला दिवे कसे लावायचे? कंदील लावले तर काजळीने चित्रं काळी होणार. विजेचे दिवे खर्चिक. मग उजेड उन्हाचाच घेतला. दालनांना वरच्या बाजूने उजेड येईल अशी रचना केली. वरून येणारा उजेड भिंतीवर पसरून पडतो, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही आणि चित्राच्या काचेत खिडकीची तिरीप चमकत नाही. टँकचा लाईट कायम वरून का लावतात, बाजूने का नाही, त्याचंही कारण हेच. बाजूने लावला की काच चकाकते आणि मासे दिसण्याऐवजी आपलंच तोंड दिसतं. चित्रकार असल्यामुळे बाळासाहेबांना हे कुणी शिकवावं लागलं नसेल.

१९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा भूमिगत कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दीचा आसरा होता. कुंडल तर चळवळीचं मोठं ठाणंच होतं. गोऱ्या साहेबाच्या पोलिसांची हद्द जिथे संपते तिथे औंधची सुरू होते, विखुरलेल्या तुकड्यांचा हाही एक उपयोग झाला.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ मध्ये या भागात जाळपोळ झाली, त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लागली. ज्या राजाने गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली आपली सत्ता सोडली होती, त्याच्याच जुन्या हद्दीत हे घडलं. त्याच वर्षी ८ मार्चला दख्खनच्या इतर संस्थानांसोबत औंध मुंबई राज्यात विलीन झालं. पंचायतींचा प्रयोगही तिथेच संपला, कारण नव्या राज्यात त्याला जागा नव्हती. १३ एप्रिल १९५१ ला बाळासाहेब गेले. वय ८२.

किर्लोस्करवाडी जळाल्यावर पुन्हा उभी राहिली आणि आजही पंप करते. ओगलेवाडीचं तसं झालं नाही. कराडला कोयना नदी कृष्णेला मिळते, आणि त्याच कोयनेवर वर पाटण तालुक्यात धरण बांधून १९६० च्या दशकात वीज तयार व्हायला लागली. गावोगाव तारा गेल्या. जिथे तारा गेल्या तिथे कंदील आधी खुंटीवर गेला, मग माळ्यावर. कारखानाही पुढे बंद पडला. लोडशेडिंगच्या काळात अनेकांनी माळ्यावरचा कंदील पुन्हा खाली काढला, पण तोवर त्याची काच मिळणं मुश्किल झालं होतं.

कराडला रेल्वेने जाणारा माणूस आजही ओगलेवाडीतच उतरतो, कराडचं स्टेशन तिथेच आहे. औंधला जायचं तर साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर करत साधारण ४०-४५ किलोमीटर. म्युझियम बघायला ढग नसलेला दिवस निवडा. तिथला मुख्य दिवा अजून सूर्यच आहे.